पहिला टायरसंच झिजल्यानंतर: रोज हॉट हॅच चालवणाऱ्यांचे अनुभव

हॉट हॅचचे, म्हणजे जोरकस इंजिन बसवलेल्या छोट्या हॅचबॅक गाडीचे, परीक्षण लिहिणाऱ्याकडे गाडी काही दिवसच असते, आणि ती बहुधा नव्या टायरवर, भरल्या टाकीने, रिकाम्या रस्त्यासाठी आलेली असते. मालकाला त्याच गाडीतून कामावर जायचे असते, मुलांना सोडायचे असते आणि पावसात रांगेत तिष्ठायचे असते. १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगनच्या पहिल्या गोल्फ जीटीआयमध्ये ११० अश्वशक्तीचे १.६ लिटर इंजिन होते आणि गाडीचे वजन सुमारे ८१० किलो होते. त्याच नावाची आठव्या पिढीची गाडी २४५ अश्वशक्ती घेऊन आली आणि ती चौदाशे किलोंहून जड आहे. शक्ती दुपटीहून अधिक झाली, पण गर्दी आणि वेगमर्यादा त्या प्रमाणात सैल झालेल्या नाहीत. मग या वाढीव शक्तीचे, रुंद टायरचे आणि कडक सस्पेन्शनचे रोज नेमके काय होते, हे या धाग्यात लिहावे.

अटी दोनच आहेत. निदान एक टायरसंच स्वतः झिजवलेल्यांनीच लिहावे. तक्रार मांडताना गाडीचे आणि कंपनीचे नाव घेऊ नये, कारण नाव आले की अनुभव मागे पडतो आणि आपापल्या कंपनीची वकिली सुरू होते. शून्य ते शंभरचे आकडे माहितीपत्रकात सापडतात. ते येथे नकोत.

लांब पल्ला, हाताचे गिअर

माझा रोजचा प्रवास मुख्यतः महामार्गाचा आहे, त्यामुळे इंजिनाविषयी लिहिण्याआधी टायरविषयी लिहिणे मला भाग आहे. माझ्या गाडीला कारखान्यातून २३५/३५ आर१९ मापाचे (रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ३५ टक्के, रिम १९ इंची) टायर आले होते. या मापात रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची बाजू फक्त ८२ मिलिमीटर असते. याच गाडीच्या साध्या आवृत्तीच्या २२५/४५ आर१७ टायरमध्ये ती १०१ मिलिमीटर भरते. कागदावर हा फरक दोन सेंटिमीटरांचाही नाही, पण खड्ड्याची धार रिमपर्यंत पोचते की रबरातच जिरते, हे त्यावर ठरते. टायरच्या बाजूला फुगा येणे आणि रिम किंचित वाकून ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरणे, ही दोन्ही दुखणी माझ्या वाट्याला आली आहेत. शिवाय अशा टायरमधील हवा कमी झाली तरी नुसत्या नजरेला ते कळत नाही, म्हणून दर आठवड्याला, टायर थंड असताना, मी दाब मोजतो. रिम मोठी असणे म्हणजे गाडी चांगली असणे, ही समजूत आता कंपन्याही थोडी आवरती घेत असाव्यात: २०१७ च्या होंडा सिव्हिक टाइप आरला २० इंची रिम होती, तर २०२२ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीला १९ इंची दिली गेली.

इंजिनाबाबत एकच सवय मुद्दाम लावून घ्यावी लागली. टर्बो इंजिनाला खालच्या फेऱ्यांवरच भरपूर टॉर्क मिळतो, त्यामुळे सहाव्या गिअरमध्ये, पंधराशे फेऱ्यांवर असतानाच अॅक्सिलरेटर तळाशी दाबून पुढच्या वाहनाला ओलांडण्याचा मोह होतो. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि तो धक्का पिस्टन फोडण्याइतका मोठा असू शकतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २०१८ मधील एसएन प्लस आणि २०२० मधील एसपी या ऑइलच्या दर्जांत या दोषापासून संरक्षण देण्याची अट आली, म्हणून योग्य दर्जाचे ऑइल वापरणे आवश्यक आहेच. पण एक गिअर खाली आणणे हा त्याहून साधा उपाय आहे. हाताच्या गिअरची गाडी घेतल्यावर गिअर बदलण्याचा आळस करण्यात तसेही काही शहाणपण नाही.

वरच्या टायरच्या मुद्द्याला पुरवणी

लहान रिम बसवण्याचा विचार असेल तर आधी पुढच्या ब्रेकचे कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारे भाग) पाहावेत. हॉट हॅचच्या ब्रेक डिस्क मोठ्या असतात आणि साध्या आवृत्तीची रिम त्यांवर बहुतेकदा बसतच नाही. मी २३५/३५ आर१९ वरून २३५/४० आर१८ वर आलो. या बदलात टायरचा बाहेरचा व्यास जेमतेम दोन मिलिमीटरने घटतो, त्यामुळे स्पीडोमीटरचे गणित बिघडत नाही, आणि बाजूची उंची मात्र जवळपास १२ मिलिमीटरने वाढते. वळणात गाडी आत घालताना पहिला प्रतिसाद किंचित मऊ झाला आहे. मला तो चालतो.

पहाटेची पाळी

मी रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते आणि अनेकदा उजाडण्याआधी घरातून निघते, त्यामुळे या गाडीचा माझा पहिला अनुभव वेगाचा नसून आवाजाचा आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर ते अर्धा-पाऊण मिनिट मोठ्याने गुरगुरते, ते मालकाच्या हौसेखातर नव्हे. एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याखेरीज काम करत नाही, म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो आणि फेरे वाढवतो, जेणेकरून ज्वलनाची बरीच उष्णता एक्झॉस्टकडे जाईल. शेजारच्या काकूंना हे शास्त्र समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. त्याऐवजी रात्री गाडी अशी लावते की एक्झॉस्टचे तोंड त्यांच्या खिडकीकडे नसते, आणि सकाळी इंजिन सुरू होताच उभे न राहता हलक्या पायाने निघते. ते इंजिनासाठीही बरे असते. माझी गाडी आदल्या दिवशीचा स्पोर्ट मोड लक्षात ठेवत नाही, नेहमी साध्या मोडमध्येच सुरू होते. काही मालक याला उणीव समजतात. त्यांना बहुधा शेजारी नसावेत.

दुसरी गोष्ट ऑइलच्या तापमानाची. कूलंटचा काटा काही मिनिटांत मध्यावर येऊन स्थिरावतो, त्यामुळे इंजिन तापले असा समज होतो, पण ऑइल त्याच्या बरेच मागे असते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावरच तोललेला असतो. म्हणून ऑइल ८० अंशांपर्यंत पोचल्याशिवाय मी पाय जोरात दाबत नाही. अडचण अशी की माझे रुग्णालय जवळ आहे आणि तो आकडा दिसू लागतो तोपर्यंत मी पोचलेली असते. म्हणजे कामाच्या दिवसांत या गाडीची खरी शक्ती मी जवळपास वापरतच नाही. छोट्या फेऱ्यांमुळे ऑइलमध्ये पेट्रोलचा अंश आणि ओलावा साचतो, म्हणून मी किलोमीटरची वाट न पाहता मुदतीआधी ऑइल बदलते आणि सुट्टीच्या दिवशी गाडीला लांबच्या रस्त्याने नेते. ज्यांचा रोजचा प्रवास माझ्याइतकाच छोटा आहे, त्यांनी ही गाडी घ्यावी का? घ्यावी, पण सुट्टीची ती फेरी खर्चात धरून घ्यावी.

दोन क्लच आणि एक रांग

माझ्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तरीही मी ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लच वापरून आपोआप गिअर बदलणारा) घेतला आणि आज पुन्हा निवड करायची झाली तरी तोच घेईन, पण त्याला साध्या ऑटोमॅटिकसारखे वागवून चालत नाही. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत रांगण्याचा भार द्रव उचलतो. येथे मात्र प्रत्यक्ष क्लच घसरत राहतो आणि तापतो. ऑइलमध्ये बुडालेले क्लच कोरड्या क्लचपेक्षा ही उष्णता अधिक सोसतात, आणि मोठ्या टॉर्कच्या हॉट हॅचमध्ये बहुधा तेच असतात. परंतु त्या ऑइलचीही मुदत असते आणि ते बदलण्याचा खर्च टाळू नये. मी रांगेत पुढे थोडी जागा मोकळी होऊ देतो, मग एकदम गाडीभर अंतर पुढे जातो आणि ब्रेक पूर्ण दाबून थांबतो, म्हणजे क्लच सुटतो. मधल्या मोकळ्या जागेत कोणी घुसले तर घुसू द्यावे.

खरी तक्रार वेगळ्याच क्षणाची आहे. चौकाजवळ वेग कमी करत यावे, गाडी पूर्ण थांबणार इतक्यात मोकळी फट दिसावी आणि अॅक्सिलरेटर दाबावा, तर गिअरबॉक्स क्षणभर काहीच करत नाही आणि मग सगळे एकदम देतो. गिअरबॉक्स तेवढा स्पोर्टमध्ये ठेवला आणि सस्पेन्शन व स्टीअरिंग साध्यावर ठेवले की हा विलंब बराच कमी होतो. माझा स्वतःचा मोड मी तसाच बांधून ठेवला आहे. हाताचे गिअर हवेच असतील त्यांच्यासाठी पर्याय कमी होत चालले आहेत. २०२४ मध्ये सुधारून आलेली गोल्फ जीटीआय केवळ ड्युअल क्लचसह मिळते, तर सिव्हिक टाइप आर मात्र सहा हाताच्या गिअरवर ठाम राहिली.

मागची जागा

आमची गाडी तीन दारांची आहे. तिची दारे लांब असल्यामुळे अरुंद जागेत गाडी लावली की ती अर्धीच उघडतात, आणि मागच्या आसनावर बाळाची खुर्ची अडकवताना पाठीचा व्यायाम होतो. आई मागे बसत नाही. ती पुढे बसते आणि मी मागे. पुढच्या आसनांच्या उंच कडा वळणात छान धरून ठेवतात, पण रोज उतरता-चढता चालकाच्या बाहेरच्या कडेचे कापड आधी झिजते, हे वापरलेली गाडी घेणाऱ्याने अवश्य पाहावे. पाच दारांची आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी.

ओल्या वळणावर

पुढची चाके गाडी ओढतात आणि तीच तिला वळवतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॉट हॅचचे सारे गुण आणि सारे त्रास या एका गोष्टीतून निघतात. ओल्या रस्त्यावर, वळणातून बाहेर पडताना, दुसऱ्या गिअरमध्ये पाय थोडा जास्त पडला की आतले चाक घसरू लागते. साध्या डिफरेन्शियलमध्ये (दोन चाकांत बळ वाटणाऱ्या भागात) पकड सुटलेल्या चाकामुळे दुसऱ्या चाकालाही फारसे बळ मिळत नाही, मग संगणक घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून सावरतो. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल असेल तर बळ पकड असलेल्या बाहेरच्या चाकाकडे जाते आणि गाडी वळणाच्या आत ओढली जाते. हा अनुभव प्रथम आला तेव्हा मला तो विलक्षण वाटला होता आणि आजही त्याची सवय झाली आहे असे म्हणवत नाही.

त्याची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते. जोरात पाय दाबला आणि दोन चाकांखालचा रस्ता सारखा नसला, की स्टीअरिंग हातात ओढ घेते. जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्या असतील तर रुंद टायर त्यांच्या मागे जाऊ पाहतात. हे कमी करण्यासाठी कंपन्यांनी पुढच्या सस्पेन्शनमध्ये वळणारा भाग स्ट्रटपासून (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर धरणाऱ्या दांड्यापासून) वेगळा केला. रेनोच्या मेगान आरएसमध्ये तसे होते, फोर्डच्या २००९ च्या फोकस आरएसमध्ये होते, आणि सिव्हिक टाइप आरमध्ये आहे. ओढ कमी होते, संपत नाही. रोजच्या वापरात दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवावेत आणि पहिल्या दोन गिअरमध्ये पाय हळू रोवावा, एवढेच पुरते. सगळ्यांत कडक सस्पेन्शनचा मोड मी सामान्य रस्त्यावर लावत नाही. चाके उसळू लागली की पकड घटते, म्हणून खडबडीत रस्त्यावर मऊ मोडच अधिक वेगवान ठरतो.

मी विकली

वरच्या अनुभवांशी माझा वाद नाही, फक्त निष्कर्ष निराळा निघाला. माझी तीनशेच्या घरातील अश्वशक्तीची गाडी दुसऱ्या गिअरमध्येच बहुतेक वेगमर्यादा गाठत असे. उरलेले गिअर, उरलेली पकड आणि त्यांसाठी भरलेला विमा हे सगळे कधीतरी येणाऱ्या मोकळ्या रस्त्यासाठी राखून ठेवलेले होते. मी १.४ लिटर टर्बोची, १४० अश्वशक्तीची आणि टनाहून किंचित हलकी स्विफ्ट स्पोर्ट घेतली. तिचे गिअर मला पुरते वापरता येतात, टायर साध्या मापाचे आहेत आणि अॅव्हरेज पाहून जीव खाली-वर होत नाही. तिला हॉट म्हणावे की कोमट, हे ज्याने त्याने ठरवावे.

विजेवरची

माझी अल्पीन ए२९० आहे. बॅटरी ५२ किलोवॅट-तासांची, टॉर्क ३०० न्यूटन-मीटर. पहाटेचा आवाज, ऑइलचे तापमान आणि रांगेत तापणारा क्लच हे वरचे तिन्ही विषय माझ्यासाठी उरलेच नाहीत, आणि चौकातल्या फटीत शिरताना गाडी विचार करत बसत नाही. घरी चार्जिंगची सोय असेल तर रोजच्या वापराला ही व्यवस्था पेट्रोलपेक्षा सोपी आहे. सोय नसेल तर मी ती सुचवणार नाही. जोरात चालवले की पल्ला झपाट्याने घटतो, आणि घाटातून उतरताना सुमारे दीड टन वजन ब्रेकच्या पायाला जाणवते.

दोन गोष्टी मात्र पेट्रोलच्या गाडीत कधी कराव्या लागल्या नव्हत्या. बरेचसे ब्रेकिंग मोटरच करत असल्याने डिस्कवर गंज धरतो, म्हणून रिकाम्या रस्त्यावर अधूनमधून ब्रेकचा पाय ठामपणे वापरून त्या घासून घ्याव्या लागतात. आणि टायर बदलताना माप जुळले एवढ्यावर थांबू नये, बाजूवर छापलेला भारांकही (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरइतका किंवा त्याहून अधिक आहे का, हे पाहूनच तो बसवावा.