बिंज इटिंग असताना वजनाचं इंजेक्शन: आहाराचं काय करायचं?

मृण्मयी_आहार:
बीएमआय 33, मधुमेह नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री तासाभरात भरमसाट खाणं, हात आवरत नाही, मग स्वतःचीच किळस. अशा क्लायंटला सेमाग्लुटाइड (भूक कमी करणारं वजनाचं इंजेक्शन) सुरू होणार आहे. भूक मेली की हेही थांबेल, असं घरचे म्हणतात. आहाराचा तक्ता मी करणार आहे. काय सांभाळू? मूळ आजारावर गोळी आहे का?

मनोविकार_ओपीडी:
तक्त्याआधी एक प्रश्न. "उलट्या होतात का" असं नको, "उलटी काढता का" असं विचारा. जुलाब व्हावेत म्हणून घेतलेली औषधं, खाल्ल्याची भरपाई म्हणून कडक उपास, अतिव्यायाम हेही विचारा. यातलं काही नेमाने चालू असेल तर तो बुलिमिया, आणि मग इंजेक्शन थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. सेमाग्लुटाइडने जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे मळमळ-उलटी तशीही होतेच. मुद्दाम काढलेली उलटी त्यात बेमालूम लपते, पोटॅशियम उतरतं, हृदयाची लय बिघडते. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि ईसीजी आधीच करून घ्यायला सांगा.

बुलिमियासाठी फ्लुओक्झेटिन, दिवसाला 60 मिग्रॅ. नैराश्यासाठीचा 20 मिग्रॅचा डोस इथे बहुधा तोकडा पडतो. बिंज इटिंगसाठी अमेरिकेत 2015 पासून लिस्डेक्सअँफेटामिनला मान्यता आहे, पण ते वजन घटवण्यासाठी नाही, हे त्याच्या माहितीपत्रकातच छापलंय. सेमाग्लुटाइडला बिंज इटिंगसाठी मान्यता नाही. पहिला उपचार सीबीटीच, म्हणजे विचार आणि सवयी बदलणारी बोलण्याची थेरपी.

खलबत्ता:
औषधांच्या बाजूने थोडं. वजनासाठी सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा 0.25 मिग्रॅपासून, मग दर चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7, शेवटी 2.4. मळमळ थांबली नसताना पुढची पायरी चढण्याची घाई नको. ऑर्लिस्टॅट या वजनाच्या गोळीने खाल्लेली चरबी तेलकट शौचातून जाते, म्हणून या रुग्णांत ते जुलाब करवणाऱ्या औषधासारखं वापरलं जाऊ शकतं. आणि वजनासाठीची नालट्रेक्सोन-बुप्रोपिऑनची जोडगोळी बुलिमिया किंवा अ‍ॅनोरेक्सिया (वजनाच्या भीतीने खाणंच टाळण्याचा आजार) असेल तर, पूर्वी होऊन गेला असेल तरीही, वर्ज्य: बुप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका वाढतो.

"आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग पावडरी घरात आहेत का, तेही बघा. हृदयाच्या धोक्यामुळे 2010 साली अमेरिका-युरोपातून हद्दपार झालेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध अशा मालात आजही सापडतं.

ताक_भाकरी:
तक्त्याबद्दल. रात्रीच्या बिंजचं मूळ बहुतेक वेळा दिवसभराच्या उपाशीपणात असतं. इंजेक्शनमुळे भूक लागत नाही म्हणून सकाळ-दुपार सुटते, आणि एकटेपणा किंवा राग यांमुळे होणारं खाणं मात्र तिथेच राहतं. म्हणून भुकेची वाट न बघता घड्याळावर खाणं: तीन जेवणं, दोन लहान खाणी, मधे चार तासांहून मोठी फट नको. घास छोटे, प्रथिनं आधी: मुगाचं धिरडं, अंडं, दही. तळलेलं कमी, त्याने मळमळ वाढते. "बंद" पदार्थांची यादी अजिबात देऊ नका, पुढचं बिंज त्याच यादीतून निघतं. एकादशी-चतुर्थीचे उपास किती, हे वेगळं विचारा. "उपास" म्हटलं की घरात कुणी हटकत नाही. वजन आठवड्यातून एकदाच, तेही तुमच्याकडे.

मृण्मयी_आहार:
सिगारेट सोडायला दिलेल्या गोळ्या चालू आहेत असं कळलं. त्यातही बुप्रोपिऑन असतं ना?

खलबत्ता:
काही गोळ्यांत असतं. पाकिटावर नाव बघा आणि उलटीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की इंजेक्शन देणारे आणि सिगारेटच्या गोळ्या देणारे अशा दोन्ही डॉक्टरांना एकत्रच कळवा. गोळी स्वतःहून बंद करायला मात्र सांगू नका.