मदत हवी आहे: आईचा गुळवेलीचा काढा चालू ठेवावा का?

आई ६४ वर्षांची आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५००, दिवसातून दोनदा. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा सुरू झाला तो आजतागायत. परसातल्या कडुनिंबावर वेल चढलीय. रोज सकाळी करंगळीएवढा तुकडा ठेचायचा, दोन कप पाण्यात अर्धं होईस्तोवर उकळायचं आणि तोंड वाकडं करत प्यायचं. "कडुनिंबावरची गुळवेल म्हणजे अमृत," हे वर ऐकवायचं.

गेल्या महिन्यात तपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) १४२ आलं, म्हणजे बरंच जास्त. कावीळ नाही, पण भूक मंदावलीय. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं; तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात म्हणे. आमच्या वेलीची साल कागदासारखी सुटते, पानं बदामाच्या आकाराची, गुळगुळीत. पण खोडावर बारीक पुटकुळ्याही आहेत. आता काय समजायचं?

डॉक्टरांकडे परवा जातोय. तोवर काढा बंद केलाय (आई रुसलीय, ते वेगळं). गुळवेलीने साखरही उतरते, मग मेटफॉर्मिनसोबत कुणाला चक्कर, घाम असं काही झालंय का? काढा थांबवल्यावर एसजीपीटी किती दिवसांनी खाली आलं? आणि वेल खात्रीने ओळखणारं कुणी असेल तर सांगा, फोटो टाकतो. कुणी वैद्य असतील तर कृपया स्पष्ट लिहा.