सरकार दयायाचना करतं की रदबदली?

परदेशात तुरुंगात असलेल्या आपल्या नागरिकाची शिक्षा सौम्य व्हावी म्हणून एखादं सरकार तिथल्या सरकारला विनंती करतं. अशा बातमीत मी 'दयायाचना' लिहिलं, संपादकांनी त्याचं 'माफीची मागणी' केलं. मला दोन्ही खटकतंय. नेमका शब्द कोणता?

– 'माफीची मागणी' नकोच. वाचणाऱ्याला वाटेल, समोरच्या सरकारनेच माफी मागायची आहे!

– दयेचा अर्ज कैद्याचा, फार तर नातेवाइकांचा. त्यात गुन्ह्याची कबुली असल्याचा वास येतो. सरकार करतं ती रदबदली: दुसऱ्यासाठी शब्द टाकणं, आपलं वजन खर्च करणं. १९९४ मध्ये सिंगापुरात एका अमेरिकी तरुणाला मोटारींची नासधूस केल्याबद्दल छडीचे ६ फटके ठोठावले होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी रदबदली केली, फटके ४ झाले. तेव्हा मिळाली ती सूट. माफी मिळाली असती तर एकही बसला नसता.

– रदबदलीला वशिल्याची छटा नाही का?

– थोडी आहे, पण वशिला गुपचूप लावतात, रदबदली चारचौघांत करता येते. ती फळेलच असंही नाही. इंडोनेशियात मृत्युदंड झालेल्या आपल्या दोन नागरिकांसाठी ऑस्ट्रेलियाने जाहीरपणे केली होती. एप्रिल २०१५ मध्ये त्यांना गोळ्या घातल्याच. (हिंदीतला 'रद्दोबदल' म्हणजे नुसता फेरफार. शब्द तोच, मराठीत येऊन मध्यस्थीला लागला.)

– आणि 'शिष्टाई'? कृष्णशिष्टाईसारखी?

– कृष्ण पांडवांचा वाटा मागायला गेला होता, कुणाची शिक्षा कमी करायला नव्हे. हक्काची गोष्ट असेल तर 'दाद मागणे' म्हणा. पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी भारत २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तो दयेसाठी नव्हे. जाधवांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही, हा १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग आहे, अशी तक्रार होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. तिथे कुणी 'रदबदली' लिहिलं तर भारताची बाजूच लंगडी होते.

– माझ्या बातमीत करार, न्यायालय काही नाही, नुसतं विनंतीपत्र आहे. 'शिक्षा सौम्य करण्यासाठी सरकारची रदबदली' असं पाठवतो. संपादक 'रदबदली'चं 'बदली' करणार नाहीत, एवढं झालं तरी पुरे.