जनगणनेत आईच्या नावापुढे परत "घरकाम"च येणार का?

खाचरातला_पोर
गाव गुहागर तालुक्यात, मी नोकरीला पनवेलला. २०११ च्या जनगणनेला मी घरीच होतो, बारावीची परीक्षा तोंडावर होती. गणनेला आलेले सर ओटीवर बसून बाबांना एकेकाचं विचारत होते. आई पडवीत ओले काजू सोलत होती, चिकाने कातडी जाते म्हणून हातांना राख चोळलेली, मनगटापर्यंत करडे हात. सरांनी विचारलं "मंडळी काय करतात?" बाबा म्हणाले "काय नाय, घरीच असते." झालं, काम न करणारी, घरकाम. तेच काजूगर दुसऱ्या दिवशी बाजारात शेकड्यावर विकले आणि घरात किराणा आला. मला तेव्हा बोलायचं सुचलं नाही, ते अजून टोचतं.
आता १ मार्च २०२७ च्या हिशोबाने परत गणना आहे, माणसांची मोजणी फेब्रुवारीत. तर विचारायचं होतं की आईला नक्की कशात धरतात? भातजमीन बाबांच्या नावावर, ती राबते पण मजुरी कोण देणार. मे महिन्यात आमसुलं करून विकते. एक गाय आहे, दूध घरापुरतंच. सगळं थोडं थोडं आहे, मग वर्षात सहा महिने काम असलं तर मुख्य काम करणारे, तो नियम लावायचा कसा?

निवृत्त_गुरुजी
मी १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन गणना केल्या, त्यामुळे २०११ च्या पत्रकावरून सांगतो. प्रश्न असा असतो की मागच्या एक वर्षात कधीही काम केलं का. सहा महिने किंवा जास्त केलं तर मुख्य काम करणारे, कमी केलं तर सीमांतिक, २०११ ला त्यातही तीन ते सहा महिने आणि तीन महिन्यांपेक्षा कमी असे दोन भाग होते. एक दिवसही नाही केलं तरच काम न करणारे.
आता काम म्हणजे काय. घरच्या शेतात बिनमजुरी राबणं हे काम आहे. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघायचंच नाही. स्वयंपाक, धुणीभांडी, पोरं सांभाळणं धरत नाहीत (मला स्वतःला हे कधीच पटलं नाही, पण व्याख्या तशी आहे). पण शेती किंवा दूध हे फक्त घरी खाण्यापुरतं असलं तरी ते काम, असं सूचनांत स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे तुझ्या आईची गाय धरायची.
आणि महिने वेगवेगळ्या कामांचे एकत्र मोजायचे. लावणी वेगळी, काजू वेगळे असं तोडलं की कोकणातली प्रत्येक बाई सीमांतिक होते. बेरीज करायची, मग ज्या कामात जास्त वेळ गेला ते तिचं काम. भातशेतीत जास्त गेला तर शेतकरी, आमसुलांत गेला तर घरगुती उद्योग.

हर्णैची_लेक
गुरुजी मग आमच्या कोळीवाड्याचं सांगा ना. दादा होडीवर खलाशी आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते तेव्हा घरी जाळी विणतो, गेल्या वेळी त्याला कोणीतरी सांगितलं की कायम काम नाही म्हणून सीमांतिक. आणि आई लिलावात मासळी घेऊन गावात विकते, उरली की खारवून सुकवते, तिला तर विचारलंच नाही कोणी.

निवृत्त_गुरुजी
दोन महिने बंदी धरली तरी दहा महिने उरतात, तो सरळ मुख्य. १९९१ पर्यंत मासेमारीला पशुपालन, फळबागा यांच्याबरोबर वेगळा गट होता, तेव्हा एकूण नऊ गट होते. २००१ पासून चारच राहिले, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. त्यामुळे खलाशी इतर मध्ये गेला. म्हणून धंद्याच्या रकान्यात नुसतं "मजुरी" लिहू देऊ नका, "मच्छीमार होडीवर खलाशी, पगारी" असं पूर्ण सांगा, नाहीतर समुद्राचं नावच पत्रकात येत नाही.
तुझ्या आईचं, नुसती आणून विकणं हे इतर. स्वतः घरी सुकवून विकणं घरगुती उद्योगात, कारण त्यात माल तयार होतो. दुसऱ्याच्या खळ्यावर रोजाने सुकवायला जात असेल तर ते परत वेगळं.

श्रीवर्धनकर
यात एक गंमत नाही तर गोंधळ आहे बघा. आंब्याची बाग असली तर शेतकरी. पण नारळ, सुपारी ही लागवडीची पिकं (प्लँटेशन) म्हणून शेतीतून वगळलेली आहेत चहा कॉफी रबराबरोबर. माझ्या आजोबांपासून सुपारीची वाडी शिंपतोय, रोज पहाटे पाट सोडायचा, आणि पत्रकात आम्ही "इतर". शेजारी कलमं लावून मुंबईत राहणारा मात्र आंबेवाला शेतकरी, हे मला फार लागतं.

निवृत्त_गुरुजी
व्याख्येचं बरोबर बोललात. पण मुंबईवाल्याची गणना मुंबईत होते, जिथे राहतो तिथे, आणि तो तिथे नोकरी करत असेल तर नोकरीच लागते. गावात जे राहतात तेच गावाच्या आकड्यात. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, पुरुष चाकरमानी, नोकरीला बाहेर. म्हणजे इथे बायकांना घरकाम लिहिलं की अर्धाअधिक जिल्हा रिकामा बसलाय असंच दिसणार. आणि मग त्याच आकड्यांवर योजना.
दोष गणना करणाऱ्याचाच असतो असं नाही, उन्हात फिरून घरं संपवायची असतात. मी १९९१ ला "काय करतात" असंच विचारायचो. २००१ ला एका आजीने सांगितलं "लावणीला विचार, कापणीला विचार", तेव्हापासून कामाचं नाव घेऊन विचारायला लागलो, उत्तरं बदलली.
खोटं मात्र वाढवून सांगू नका. आणि रेशनकार्ड, पेन्शन जाईल या भीतीने लपवूही नका, १९४८ च्या जनगणना कायद्यात एकेकाची माहिती गुप्त ठेवायची तरतूद आहे, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही.

खाचरातला_पोर
गुरुजी खूप आभार. काल रात्री आईला फोन करून महिने मोजले. जूनला पेरणी, जुलै लावणी, ऑगस्ट बेणणी (तण काढणं), ऑक्टोबर कापणी, नोव्हेंबर झोडणी, मग कुळीथ, फेब्रुवारीपासून काजू, मे आमसुलं. आधी म्हणाली "ह्यात काय काम, हे तर करावंच लागतं". बाबा बाजूला बसून ऐकत होते. नऊच्या वर महिने झाले म्हटल्यावर तेच म्हणाले, भाजावळ (पेरणीआधी जमीन भाजणं) धरली नाहीस, त्यासाठी कवळं, म्हणजे झाडांच्या पाल्याच्या फांद्या, तोडायला तीच जाते.