आधी दाब मोजा, मग कापा म्हणे!

नाइटड्यूटी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "कंपार्टमेंटचा दाब न मोजता फॅशिओटॉमी म्हणजे अंधारात चाकू." डोकंच फिरलं. अहो, पोटरीतल्या स्नायूंच्या बंद कप्प्यात, म्हणजे कंपार्टमेंटमध्ये, दाब चढून स्नायू मरायला लागतो तो कंपार्टमेंट सिंड्रोम; कप्प्याचं आवरण चिरून दाब सोडायचा ती फॅशिओटॉमी. तालुक्याचं गाव, टिबिया (नडगीचं हाड) मोडलेला पोरगा, पोटरी दगड, अंगठा जरा वर केला की किंकाळी. दाब मोजायचं मशीन अख्ख्या जिल्ह्यात नाही. मी कापलं. फुगलेला स्नायू बाहेर आला, चिमट्यात धरल्यावर आकसला. पोरगा आज रिक्षा चालवतो.

मॅनोमीटर: ते वाक्य माझंच. मशीन हवंय कुणाला? व्हाइटसाइड्स या सर्जनने १९७५ साली सुई, सलाइन, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि पाऱ्याच्या बीपी यंत्रावर भागवलं होतं. डायस्टोलिकमधून (बीपीचा खालचा आकडा) कप्प्यातला दाब वजा करा, ३० च्या खाली उरलं तर कापा. डोक्याला मार लागून बेशुद्ध आलेला किंकाळी कुठून फोडणार?

नाइटड्यूटी: एकदा सुई टोचून काय कळतं? २०१४ च्या एका अभ्यासात सिंड्रोम नसलेल्या टिबियांपैकी ३५ टक्क्यांत एकवेळचा आकडा 'कापा' सांगत होता. एडिनबराचे सर्जन कॅथेटर (बारीक नळी) आत ठेवून सलग मोजतात. आमच्याकडे एक नर्स आणि वीस खाटा.

कोकणातला_फिजिशियन: हाडवाल्यांनो, सापाच्या पेशंटवर तरी चाकू आवरा! फुरसं चावलेली बाई, पाय टम्म, काळानिळा. नळीतलं रक्त वीस मिनिटांनीही पाणीच, गोठेना. तरी सर्जनसाहेबांनी दोन लांब चिरे दिले. रात्रभर ड्रेसिंगं भिजत होती. आधी अँटिव्हेनम द्या ना!

नाइटड्यूटी: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. घोणशीच्या पेशंटला मी हातही लावत नाही.

कोकणातला_फिजिशियन: तुम्ही नसाल लावत. निस्तरायला माझ्याकडेच येतात. सापाची सूज हुबेहूब तशीच दिसते, पण आत मोजलं तर दाब बहुतेकदा नॉर्मल. तिथे सुई लागतेच.

पेशंटचा_भाऊ: डॉक्टर नाही, तरी बोलतो. दादाचं प्लास्टर घट्ट होतं, रात्रभर ओरडत होता. "नाडी लागतेय, झोपा." सकाळी कापलं. आता पाऊल वर उचलत नाही, चप्पल निसटते. सुई नव्हती, ठीक. प्लास्टर कापायची कात्रीही नव्हती का?

मॅनोमीटर: नाडी जाते ती अगदी शेवटी. हे इंटर्नलाही शिकवतात.

नाइटड्यूटी: यावर वाद नाही. साप आणि बेशुद्ध पेशंट, तिथे तुमची सुई मान्य. शुद्धीत किंचाळणाऱ्याला मी उद्याही न मोजता कापीन. पाऱ्याचं यंत्र मात्र तुम्हीच पाठवा, आमचं भंगारात गेलं. कुरिअरचे पैसे मी देतो.