सोसायटी ग्रुप : पहाटे साडेपाचची गाडी

रविवार

६:५२ सुलभा देशपांडे (ए-३०१): सुप्रभात म्हणायची इच्छा नाही, तरी सुप्रभात. पहाटे साडेपाचला बी-विंगसमोर ती निळी गाडी कोणी सुरू करून ठेवली होती? दहा-बारा मिनिटं नुसती गुरगुरत होती. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. यांचं मागच्या महिन्यात बायपास झालंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

६:५५ शिंदे (सेक्रेटरी): रात्री ११ नंतर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये बाहेरची गाडी ठेवायची नाही. कृपया सर्वांनी वाचावे.

७:०३ जोशी काका (ए-१०१): नंबर केए आहे. बंगळूरची दिसते.

७:१४ अमोल (बी-५०४): काकू, मनापासून सॉरी. गाडी माझी नाही, सेकंडहँड घ्यायचा विचार चाललाय. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ची, ६८ हजार किलोमीटर चाललेली. रात्रभर इथे ठेवायला मीच सांगितलं. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करून बघायचं होतं. पण मी सव्वासहाला खाली आलो आणि दोन मिनिटांत बंद केली.

७:१६ सुलभा देशपांडे: सव्वासहा नाही. साडेपाच. मी घड्याळ बघितलं.

७:१८ अमोल: काकू, तेव्हा मी झोपेत होतो.

७:१९ सुलभा देशपांडे: म्हणजे मी खोटं बोलते का?

७:२१ जोशी काका: सुलभाताई, गणपतीत तुमच्या नातवाचं ढोलपथक रात्री दहापर्यंत सराव करत होतं, तेव्हा आम्ही काही बोललो नव्हतो.

७:२२ सुलभा देशपांडे: दहापर्यंत परवानगी असते. पहाटे साडेपाचला नसते.

७:२३ शिंदे (सेक्रेटरी): रात्री ११ नंतर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये बाहेरची गाडी ठेवायची नाही. कृपया सर्वांनी वाचावे.

७:३० ऋत्विक (सी-४०४): अमोलदादा आरएस??? २३० बीएचपी!! एक राउंड प्लीज

७:३४ जोशी काका: अमोल, तुम्हाला वेगवान गाडी हवी की सामानाची?

७:४१ अमोल: काका, दोन्ही. बाबांची व्हीलचेअर, आईची बॅग आणि गुहागरला जाताना कुंभार्ली घाटात मागे रांग लागू नये इतका दम. खरं तर मला स्टेशन वॅगनच हवी होती, मागे डिकीवरही छप्पर असते ती. युरोपात हीच आरएस वॅगनमध्ये, कॉम्बी म्हणून मिळायची, आपल्याकडे ही पिढी कॉम्बीत आलीच नाही. पण हिचं मागचं दार काचेसकट वर उघडतं. डिकी ५९० लिटर, सीट पाडल्या तर १५८०. कॉम्बीची ६१०. फार फरक नाही.

७:४४ ऋत्विक: वेगवान वॅगन म्हणजे व्होल्वो ८५०! १९९४ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपला त्यांनी चक्क इस्टेट, म्हणजे वॅगन उतरवली होती. आणि ऑडी आरएस २ पोर्शेने बांधून दिलेली.

७:४९ जोशी काका: वॅगन आम्ही पुण्यातच केली. १९९२ साली टाटांच्या टेल्कोने पिंपरीत टाटा इस्टेट काढली, मी तेव्हा लाइनवर होतो. लोक म्हणायचे ही काय डिकीची गाडी. कळली नाही कोणाला.

७:५० वैशाली (बी-२०१): गुरुवारी पाणी नाही ना? टँकर किती वाजता?

७:५१ शिंदे (सेक्रेटरी): टँकरचा विषय स्वतंत्र. रात्री ११ नंतर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये

७:५१ शिंदे (सेक्रेटरी): चुकून गेलं.

८:०५ मकरंद (सी-१०२): अमोल, आत्ताच वाचलं. टोकन दिलंस?

८:०६ अमोल: नाही दादा. विकणारा दुपारी १२ पर्यंत २५ हजार मागतोय. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो.

८:०७ मकरंद: एक रुपया देऊ नकोस. वीस वर्षं गॅरेज चालवतोय, ते दुसरं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. सकाळी चालू केलीस तेव्हा बॉनेटला हात लावून बघितलास?

८:०८ अमोल: नाही. पण आवाज एकदम साफ होता. खडखड शून्य.

८:१२ मकरंद: काकू म्हणतात साडेपाचला चालू होती. तू सव्वासहाला आलास. हे नीट लक्षात घे. रात्रभर उभ्या गाडीचं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर थकला असेल तर चालू केल्यावर पहिल्या दोन-चार सेकंदांत चेन वाजते, तेल वर पोचलं की गप्प. अर्ध्या तासापूर्वी कोणी गाडी तापवली असेल तर तू जे ऐकलंस त्याला काही अर्थ नाही.

८:१३ सुलभा देशपांडे: मी सकाळपासून तेच सांगते आहे.

८:१५ मकरंद: आणि काकू, काचा खरंच थरथरत होत्या?

८:१६ सुलभा देशपांडे: देवघरातली घंटासुद्धा किणकिणली.

८:१९ मकरंद: अमोल, कंपनीतून आलेल्या ऑक्टाव्हियाचा आवाज ए-विंगच्या तिसऱ्या मजल्यावर जात नाही. हिचा सायलेन्सर किंवा डाऊनपाइप, म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप, बदललाय. आणि पाइप बदलणारा माणूस बहुतेक वेळा तिथे थांबत नाही, इंजिनाचं ट्यूनिंगही करून घेतो. २३० चे तीनशेच्या आसपास नेतात. विकताना सॉफ्टवेअर पुन्हा मूळचं टाकता येतं, पण जादा ताकदीने जे झिजलं ते झिजलंच. टर्बो, गिअरबॉक्सचे क्लच, सगळं.

८:२१ नेहा (ए-४०२): शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल चालत नाहीत. उद्या क्लेमच्या वेळी विमा कंपनी तेच दाखवेल.

८:२२ अमोलची आई (बी-५०४): अमोल फोन उचल. खाली आहेस का?

८:२६ रोहिणी (बी-२०३): अमोल, एक विनंती, गाडी जायच्या आधी पुढचे दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याचं पाणी सहकारनगरला आईच्या सोसायटीत शिरलं, आमची गाडी छपरापर्यंत बुडाली. विमा कंपनीने ताब्यात घेतली, आम्हाला वाटलं भंगारात गेली. आठ महिन्यांनी एका जाहिरातीत तीच गाडी चकचकीत दिसली. मागच्या दाराच्या काचेवर माझ्या मुलीने चिकटवलेल्या हत्तीच्या स्टिकरची कड तशीच होती. दोन रात्री झोप लागली नाही मला. कोणीतरी आपल्या लेकराला घेऊन त्यात बसत असेल.

८:२९ मकरंद: रोहिणीताई बरोबर सांगताहेत. गाळ धुतात, सीटची कव्हरं बदलतात, पण बेल्टचा शेवटचा हातभर पट्टा आत गुंडाळलेला असतो, तो कोणी धूत नाही. तिथे तपकिरी रेघ दिसली की समजायचं. स्टेपनीच्या खड्ड्यातही बघ. २०२४च्या जुलैमध्ये एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर माझ्याकडे अशा तीन गाड्या तपासायला आल्या.

८:३१ जोशी काका: बंगळूरच्या गाडीला पुण्याचा पूर कुठून येणार?

८:३२ रोहिणी: काका, पाऊस बंगळूरलाही पडतो.

८:४० अमोल: खाली आहे. दोन्ही बेल्ट बघितले. शेवटपर्यंत काळे, स्वच्छ. स्टेपनीखाली कोरडं. एवढं बरं आहे.

८:४१ अमोल: पण इंजिनाच्या बाजूला खाली गुलाबी-पांढरा पापुद्रा दिसतोय. फोटो पाठवतो.

८:४४ मकरंद: तो वाळलेला कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. या इंजिनांत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचा प्लॅस्टिक भाग गळतो. घाबरायचं कारण नाही, पण खर्च आहे, तो किमतीतून कमी कर. डीएसजीचं, म्हणजे हिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, तेल बदलल्याचं बिल बघ. सहा गिअरचा ओल्या क्लचचा बॉक्स आहे, दर ६० हजाराला तेल आणि फिल्टर लागतो. ही ६८ हजार चालली आहे. बिल नसेल तर झालं नाही असंच धर.

८:४६ मकरंद: टायरवर चार आकडी शिक्का असेल, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आतल्या कडेवर हात फिरव. आतून घासलेला असेल तर स्प्रिंग कापून गाडी खाली बसवलेली असू शकते. चाकांची आतली बाजू मात्र रॅम्पवर घेतल्याशिवाय दिसणार नाही, खड्ड्यात आपटून रिम तिथेच तडकते.

८:४७ मकरंद: आणि किलोमीटर फक्त मीटरवर नसतात. स्कॅनर लावला की बाकीच्या मॉड्यूलमध्ये आणि जुन्या फॉल्टबरोबर नोंदवलेले आकडे दिसतात. मीटर मागे फिरवणारा सगळीकडे फिरवत नाही.

८:५२ नेहा: अमोल, कागद. आधी आरसीवर कर्जाची नोंद आहे का बघ. असेल तर ती काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०. महाराष्ट्राचा कर नव्याने भरायचा, कर्नाटकातला उरलेला परत हवा तर अर्ज तिकडेच. बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यायचा. विमा तुझ्या नावावर करायला १४ दिवस, आणि त्याचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही.

८:५३ जोशी काका: एवढ्यात नवी येईल.

८:५४ ऋत्विक: काका नवी २३० मिळत नाही ना आता

९:०८ शिंदे (सेक्रेटरी): सीसीटीव्ही पाहिला. ५:३१ ला एक इसम गेटमधून पायी आला, गाडीत बसला, गाडी चालू केली. ५:४४ ला बंद करून बाहेर गेला. ६:१७ ला श्री. अमोल आले. वॉचमनने नोंदवहीत लिहिलेले नाही, त्याला समज दिली आहे. सौ. देशपांडे यांचे म्हणणे बरोबर आहे.

९:०९ सुलभा देशपांडे: धन्यवाद शिंदे साहेब.

९:१० जोशी काका: सुलभाताई, ढोलाचं मागे घेतो.

९:२४ अमोल: विचारलं विकणाऱ्याला. आधी म्हणाला बॅटरी वीक होती म्हणून चालू केली. सीसीटीव्हीचं सांगितल्यावर गप्प. मग कबूल केलं, आधीच्या मालकाने डाऊनपाइप आणि ट्यूनिंग केलंय. मूळ पाइप बंगळूरला घरी पडलाय म्हणे.

९:२५ अमोल: दादा, खूप वाईट वाटतंय. सात महिने शोधत होतो. रंगसुद्धा तोच.

९:२७ मकरंद: मन बसलं की कान बंद होतात रे. माझंही झालंय. म्हणून तर ओरडतोय.

९:३१ अमोलचे बाबा (बी-५०४): अमोल, व्हीलचेअर ठेवून बघितली का?

९:३२ अमोल: नाही बाबा.

९:४७ अमोल: आता बघितली. आडवी आत जाते, चाकं काढावी लागत नाहीत. पण डिकीचा काठ उंच आहे. बंपरच्या वर उचलून मग आत खाली ठेवावी लागते. वॅगनला जमीन सपाट असते, सरळ ढकलता येते. मी उचलली. आईने प्रयत्न केला, तिच्याच्याने काठावरून गेली नाही. मी गावाला असलो तर रोज तिलाच उचलायची आहे.

९:४९ अमोलची आई: मी उचलीन. हात दुखतो तो थंडीपुरता.

९:५० अमोलचे बाबा: नाही उचलायची.

१०:०२ मकरंद: त्याचा उपाय निघेल. फळी टाकून छोटा उतार करून देतो, घडीचा. पण गाडी आधी खरी निघू दे. त्याला सांग, मूळ पाइप बसवून गुरुवारी माझ्या रॅम्पवर आण, स्कॅनर मी लावतो. आदल्या रात्री गाडी इथेच थंड होणार. कबूल नसेल तर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जावं.

१०:१५ अमोल: सांगितलं. तयार झाला. टोकन दिलं नाही.

१०:१६ वैशाली: गुरुवारी टँकर आला तर गाडी आडवी नको.

१०:१७ शिंदे (सेक्रेटरी): श्री. अमोल यांना बुधवारी रात्रीपुरती परवानगी. गाडी बी-विंगसमोर नको, मागच्या भिंतीलगत. इतरांनी उदाहरण म्हणून वापरू नये.

१०:२१ सुलभा देशपांडे: अमोल, बुधवारी रात्री त्या गाडीची किल्ली माझ्याकडे आणून दे. दोन असतील तर दोन्ही. मी पाचला उठतेच. तू आणि मकरंद आल्याशिवाय कोणाला देणार नाही.