टायनी हाऊसमध्ये मांजरं पाळावीत का?

माळ्यावरची

टायनी हाऊसचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: माणसांनी राहायचं तर खुशाल राहावं, पण मांजराला त्यात कोंडणं म्हणजे क्रूरपणा. मला हे अजिबात मान्य नाही. आम्ही दोघं चाकांवरच्या घरात राहतो. सोबत दोन मांजरं, एकाच वेतातली बहीण-भाऊ, दोघांचीही नसबंदी झालेली. माझं म्हणणं असं की मांजराची अडचण होते ती बहुतेक वेळा मांडणीमुळे.

लहान म्हणजे किती, ते आधी सांगते. आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीत 'क्यू' परिशिष्ट आहे. त्यानुसार टायनी हाऊस म्हणजे ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी क्षेत्रफळाचं घर, आणि त्यात माळा धरत नाहीत. मांजर मात्र माळाही धरतं, कपाटाचा माथाही आणि खिडकीची कडही. दिवसातले बारा-पंधरा तास झोपणारा, पहाटे आणि तिन्हीसांजेला तरतरीत होणारा हा प्राणी. त्याला चढायला, लपायला, वरून टेहळणी करायला आणि शिकारीसारखं खेळायला मिळालं पाहिजे. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या दोन संस्थांनी २०१३ मध्ये मांजराच्या पाच मूलभूत गरजा मांडल्या. सुरक्षित आडोसा; खाणं, पाणी, शी-शू यांच्या जागा एकाहून जास्त आणि एकमेकींपासून लांब; शिकारीसारखा खेळ; माणसाची भरवशाची, न लादलेली सोबत; आणि मांजराच्या घ्राणेंद्रियाची कदर. या पाचांत चौरस फुटांचा आकडा नाही.

आमच्याकडे काय केलंय ते सांगते. माळ्याच्या खांबाला खालपासून वरपर्यंत सुतळी घट्ट गुंडाळली आहे. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणून नखं ओढतं, त्यामुळे खांब तीन फुटांच्या आसपास उंच हवा आणि जराही डुगडुगता कामा नये. डुगडुगला की ते सरळ सोफ्याकडे वळतं. भिंतीवरच्या फळ्यांना चढायची वाट एका बाजूने आणि उतरायची दुसऱ्या बाजूने आहे. बोका मधल्या फळीवर आडवा पसरला तरी बहिणीला त्याच्या अंगावरून जावं लागत नाही. माझ्या मते सगळ्या घरात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. फळीवर सतरंजीचा तुकडा ठोकलाय, कारण गुळगुळीत लाकडावर उडी मारताना पंजा सरकतो आणि एकदा सरकला की मांजर ती फळी कायमची सोडून देतं.

साधाविचार

ताई, फळ्यांचं सगळं कबूल. शी-शूचं काय? तो विषय तुम्ही एका ओळीत संपवलात. जितकी मांजरं त्याहून एक जास्त लिटर बॉक्स (शी-शूसाठी वाळू भरलेली पेटी), हा पशुवैद्यांचा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे तुम्हाला तीन. आणि शेजारी-शेजारी ठेवलेले दोन बॉक्स मांजराच्या लेखी एकच असतात. शिवाय बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा. असे तीन बॉक्स तीन ठिकाणी ठेवल्यावर चारशे चौरस फुटांत तुम्ही बसता कुठे?

हा फक्त वासाचा प्रश्न नाही. बॉक्स नकोसा झाला की मांजर बाहेर घाण करतं किंवा शू दाबून धरतं. ताणतणावाने मूत्राशयाला सूज येणं हा मांजरांचा नेहमीचा आजार. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. जागा नाही म्हणून बॉक्स कमी ठेवणाऱ्यांना हे ठणकावून सांगितलं पाहिजे.

निळी_शिडी

जागा निघते. एक बॉक्स जिन्याच्या पायऱ्यांखालच्या कप्प्यात, एक न्हाणीघरात, एक बाकाखाली. फक्त कप्प्याला दोन तोंडं ठेवा. एकच भोक असेल तर आत बसलेलं मांजर कोंडीत सापडतं. सकाळ-संध्याकाळ गुठळ्या काढल्या तर वास येत नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही ते बरं: टॉक्सोप्लाझ्मा या माणसालाही बाधणाऱ्या, गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या परजीवीची अंडी विष्ठेतून पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

मोकळा_श्वास

मला या सगळ्यात माणसाचा विचार कुठेच दिसत नाही. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होते हा गैरसमज आहे. ती होते मुख्यतः 'फेल डी १' या प्रथिनामुळे. ते लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत असतं, मांजर अंग चाटतं तेव्हा केसांवर पसरतं, आणि त्याचे बारीक कण तासन् तास हवेत तरंगतात. मोठ्या घरात झोपायची खोली मांजरासाठी बंद ठेवता येते. टायनी हाऊसमध्ये अंथरूण माळ्यावर, माळ्याला दार नाही, आणि मांजराची आवडती जागाही तीच. मला दमा आहे. असल्या घरात माझी रात्र निघणार नाही, आणि मांजर नेल्यावरही ते प्रथिन कित्येक महिने गाद्या-पडद्यांत राहतं. ज्यांच्या घरात कुणाला दमा आहे त्यांनी, मांजरावर कितीही जीव असला तरी, लहान घरात हा प्रयोग करू नये. मांजर मग दुसऱ्याला देऊन टाकावं लागतं आणि त्या जिवाची फरफट होते.

माळ्यावरची

दम्याबद्दल वाद नाही. श्वासाचा त्रास असेल तर नकोच.

पहाटपक्षी

मी वेगळ्या कारणाने विरोधात आहे. घर लहान असलं की लोकांचा ठरलेला उपाय म्हणजे "दिवसा बाहेर सोडतो". 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की एकट्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात. त्यात मोठा वाटा बेवारस मांजरांचा, हे खरं, पण पाळलेलीही मारतातच. तुमच्या घराच्या कमी जागेची किंमत बाहेरच्या पक्ष्यांनी का मोजायची?

चाकांवरच्या घराला तर बाहेर सोडणं आणखी धोक्याचं. मांजराची ओळख जागेच्या वासाशी जुळलेली असते. घर नव्या ठिकाणी उभं केलं आणि दार उघडलं, तर बाहेर त्याच्या ओळखीचं काहीच नसतं. घाबरलं की ते मिळेल तिथे दडून बसतं आणि हाकेला ओ देत नाही.

निळी_शिडी

पूर्ण सहमत. खिडकीला जोडून जाळीचा पिंजरा करा, मजबूत तारेची जाळी, वरून छप्पर. ऊन, वारा, पक्षी बघणं सगळं मिळतं. डासांची साधी जाळी नखांपुढे टिकत नाही, तिच्यावर विसंबू नका.

दवाखान्यातून

मी पशुवैद्यांकडे मदतनीस आहे. ताईंची मांडणी उत्तम आहे, एका मांजरासाठी मी तिच्या बाजूने उभी राहीन. दोन मांजरांबद्दल मात्र माझा विरोध आहे.

मांजरांचं भांडण म्हटलं की लोक फिस्कारणं, झटापट एवढंच धरतात. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रकरणांत आवाजच नसतो. एक मांजर दाराच्या तोंडाशी किंवा पाण्याच्या वाटेवर नुसतं बसतं आणि टक लावून बघतं. दुसरं मागे फिरतं. मालकाला वाटतं, दोघं किती शांत आहेत! काही दिवसांनी दुसरं मांजर अंग चाटून चाटून पोटावरचे केस घालवतं, नाहीतर अंथरुणावर शू करतं. एकाच वेतातली भावंडंसुद्धा दोन-तीन वर्षांची झाली, पुरती वयात आली, की एकमेकांना टाळू लागतात. मोठ्या घरात ती आपापले कोपरे वाटून घेतात. टायनी हाऊसमध्ये खालून जायला वाट एकच. फळ्यांना दोन वाटा केल्यात, पण जमिनीवरची अडवणूक फळ्यांनी सुटत नाही. आणि एक आजारी पडलं, वेगळं ठेवायला सांगितलं, तर ठेवणार कुठे?

माळ्यावरची

अडवणुकीचा मुद्दा मोलाचा आहे, म्हणूनच पाणी आणि खाणं आम्ही घराच्या दोन टोकांना, शिवाय वेगळ्या उंचीवर ठेवलंय. एक भांडं अडलं तरी दुसरं मोकळं राहतं. पण एकट्या मांजराचाही विचार करा. माणूस दिवसभर बाहेर असेल तर त्या एवढ्याशा घरात त्याला खेळायला कोण आहे? आमची दोघं पहाटे माळ्यापासून दारापर्यंत पाठशिवणी खेळतात, भूमिका आलटून-पालटून. एकच सतत पळत असेल आणि दुसरं सतत मागे लागत असेल, तर तो खेळ नाही, आणि तेवढं लक्ष मालकाने ठेवायलाच हवं.

दवाखान्यातून

भूमिका बदलतात हे चांगलं लक्षण आहे. तरी दोन मांजरांसाठी माझी अट कायम आहे: घरात निदान एक तरी नीट बंद होणारं दार हवं, त्यामागे एक बॉक्स, पाणी आणि बसायला उंच जागा. पडदा किंवा सरकती जाळी चालणार नाही. ज्यांच्या आराखड्यात असं दार नाही त्यांनी दुसरं पिल्लू आणू नये.

माळ्यावरची

ही अट मला मान्य आहे. आमच्याकडे ते दार न्हाणीघराचं. बॉक्स तिथे आहेच, वॉशिंग मशीनच्या वर फळी ठोकायची राहिली आहे. ती या आठवड्यात लागेल.